विश्वासणाऱ्याला पश्चात्तापाची गरज उरत नाही काय? एका फिरत्या संदेशाला उत्तर

सांगली, मिरज आणि साताऱ्याकडील मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या व्हॉट्सअॅप गटांत सध्या एक लांबलचक संदेश फिरत आहे. त्याखाली लिहिणाऱ्याचे नाव नाही, वचनांचे संदर्भ मात्र भरपूर आहेत. त्याचे म्हणणे थोडक्यात असे आहे. ज्याने येशूवर विश्वास ठेवला त्याची मागची, आजची आणि पुढची सर्व पापे वधस्तंभावर एकदाच फेडली गेली, म्हणून त्याने पुन्हा पश्चात्ताप करणे हा त्या बलिदानावरचा अविश्वास होय. नव्या करारातील पश्चात्तापाच्या आज्ञा मंडळीबाहेरच्या लोकांसाठी आहेत. पापांगीकार, म्हणजे उपासनेत पापांची कबुली देणे, हा रोमन कॅथलिक रिवाज असून सोळाव्या शतकातील प्रोटेस्टंट धर्मसुधारणेने तो मोडला. पश्चात्ताप ही मनातली बाब आहे, तिचा व्यवहाराशी संबंध नाही. पापाचा विचार करत बसणाऱ्याला तारणाचा आनंद कधीच लाभत नाही. शेवटी सल्ला दिला आहे की, पुढच्या प्रभुभोजनाच्या उपासनेत पापांगीकार सुरू झाला की ज्यांना कृपा समजली आहे त्यांनी गप्प उभे राहावे.

यातला पहिला भाग पुष्कळसा खरा आहे आणि म्हणूनच हा संदेश पटतो. ख्रिस्ताने एकदाच अर्पण केले, ते पुन्हा करावे लागत नाही, हे इब्री लोकांस पत्राच्या दहाव्या अध्यायात निःसंदिग्धपणे सांगितले आहे, आणि जे ख्रिस्त येशूमध्ये आहेत त्यांना दंडाज्ञा नाही, हे रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायाचे पहिलेच वाक्य आहे. आपल्याकडे पापाची यादी पुन्हा पुन्हा उगाळून थकलेली, क्षमा मिळाली की नाही या धास्तीत झोप उडालेली माणसे आहेत, आणि त्यांना हा संदेश वाचून हायसे वाटले असेल तर त्यांची चूक काढण्याचे काही कारण नाही. चूक पुढच्या पायरीवर आहे. दंड माफ झाला, एवढ्यावरून नात्यात काहीच बिघडू शकत नाही असा निष्कर्ष निघत नाही. मुलगा बापाशी भांडून बोलणे टाकतो तेव्हा रेशनकार्डावरचे त्याचे नाव कोणी खोडत नाही. पण नाव शाबूत आहे म्हणून भांडण मिटले, असेही कोणी म्हणत नाही. योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात प्रभूने हाच भेद पेत्राला दाखवला. प्रभू शिष्यांचे पाय धूत असताना पेत्र आधी पाय धुऊ देईना, आणि मग एकदम हात आणि डोकेही पुढे करू लागला, तेव्हा त्याला सांगण्यात आले की ज्याचे स्नान झाले आहे त्याला पायांशिवाय दुसरे काही धुण्याची गरज नाही. संदेश लिहिणाऱ्याने स्नान तेवढे घेतले आणि पाय सोडून दिले.

त्याच रोमकरांस पत्राचा सहावा अध्याय तर जणू या संदेशालाच उत्तर म्हणून उघडतो. कृपा वाढावी म्हणून आपण पापात राहावे काय, असा प्रश्न पत्राचा लेखक पौल स्वतःच उभा करतो आणि तो तिथल्या तिथे झिडकारतो. पहिल्या शतकातही कोणीतरी हा हिशेब मांडला होता, हे त्यावरून दिसते.

पश्चात्तापाच्या आज्ञा केवळ बाहेरच्यांसाठी आहेत, हा दावा मात्र तपासताच कोसळतो, आणि त्यासाठी फार खोलात जावे लागत नाही. प्रकटीकरणाच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या अध्यायांत आजच्या तुर्कस्तानातल्या तेव्हाच्या आशिया प्रांतातील सात मंडळ्यांना पत्रे आहेत. ती मूर्तिपूजकांना किंवा बाजारातल्या लोकांना लिहिलेली नाहीत, मंडळ्यांनाच लिहिलेली आहेत. त्या सातांपैकी इफिस, पर्गम, थुवतीरा, सार्दीस आणि लावदिकीया अशा पाच ठिकाणी पश्चात्तापाचा हुकूम आहे. स्मुर्णा आणि फिलदेल्फिया या दोनच पत्रांत तो नाही. इफिसच्या मंडळीचे श्रम, धीर, खोट्या शिक्षकांना ओळखण्याची तिची पारख या सगळ्याची आधी वाखाणणी केली आहे, आणि त्यानंतर तिने पहिली प्रीती सोडली म्हणून तिला मागे फिरण्यास सांगितले आहे. उपासना वेळेवर होते, वर्गणी गोळा होते, संडे स्कूल भरते आणि तरीही देवाकडे फिरण्याची गरज उरते, अशा मंडळीचे हे वर्णन आहे. आपल्याकडील कोणत्याही जुन्या मंडळीच्या वार्षिक अहवालाशेजारी ते ठेवून पाहावे.

कोणी म्हणेल की ही मंडळ्यांची गोष्ट झाली, एकेका विश्वासणाऱ्याची नव्हे. त्यासाठी प्रेषितांच्या कृत्यांचा आठवा अध्याय आहे. शोमरोनातील शिमोन जादूगार विश्वास ठेवतो, बाप्तिस्मा घेतो, फिलिप्पाच्या मागे मागे राहतो. आणि पवित्र आत्मा देण्याचे सामर्थ्य पैसे देऊन विकत मागू लागतो. पेत्र त्याला तुझा बाप्तिस्मा झाला आहे, चिंता नको, असे म्हणत नाही. या दुष्टपणाचा पश्चात्ताप कर आणि प्रभूची विनवणी कर, असे म्हणतो. शिमोनाचा विश्वास मुळातच खरा नव्हता, असा युक्तिवाद यावर होऊ शकतो, आणि तो मी सहज बाजूला सारणार नाही. पण मग करिंथची मंडळी राहतेच. पौलाने तिला पवित्र केलेले लोक म्हणून संबोधले आणि दुसऱ्या पत्राच्या सातव्या अध्यायात तिच्या पश्चात्तापाबद्दल आनंद व्यक्त केला. योहानाच्या पहिल्या पत्रातील ‘जर आपण आपली पापे पदरी घेतली’ हे वचन अविश्वासणाऱ्यांना उद्देशून आहे, असे संदेशात म्हटले आहे. परंतु तिथे लिहिणारा प्रेषित ‘आपण’ म्हणतो आणि स्वतःला त्यातून वगळत नाही. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत तर रोजच्या भाकरीची मागणी झाली की लगेच ऋणांच्या क्षमेची मागणी येते. पहिली रोज मागायची आणि दुसरी जन्मात एकदा, असा फरक त्या प्रार्थनेत कोठेही केलेला नाही.

रोमी रिवाजाच्या मुद्द्यावर इतिहासच उलट साक्ष देतो. धर्मसुधारणेचा जर्मन प्रवर्तक मार्टिन ल्यूथर याने १५१७ मध्ये मांडलेल्या ९५ प्रबंधांपैकी पहिलाच असा आहे की, प्रभू येशूने पश्चात्ताप करा असे म्हटले तेव्हा विश्वासणाऱ्यांचे सगळे आयुष्यच पश्चात्तापाचे असावे अशी त्याची इच्छा होती. ल्यूथरचे भांडण क्षमापत्रांच्या विक्रीशी होते. पैसे देऊन कागद घेतला की अंतःकरणाने वळण्याची गरज उरत नाही, ही समजूत त्याला घातक वाटत होती. म्हणजे पश्चात्ताप स्वस्तात संपवणाऱ्या व्यवस्थेविरुद्ध जी चळवळ उभी राहिली, तिचेच नाव घेऊन आज पश्चात्ताप फुकटात संपवला जात आहे.

आपल्या भागाचा वारसा तर याबाबत अधिकच स्पष्ट आहे. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिरजेस रुग्णालय सुरू केले ते अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे, आणि साताऱ्याकडे काम होते ते अमेरिकन मराठी मिशनचे. हे दोन्ही प्रवाह धर्मसुधारणेतल्या एकाच शाखेचे. पुढे १९२४ मध्ये झालेल्या प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्यांच्या ऐक्यातून आणि १९७० मध्ये स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियामधून ते एकत्र आले. प्रेस्बिटेरियन परंपरेत मुलांना शिकवल्या जाणाऱ्या सतराव्या शतकातील वेस्टमिन्स्टर लघुप्रश्नोत्तरीत जीवनदायी पश्चात्तापावर स्वतंत्र प्रश्न आहे, आणि त्याच्या उत्तराचा आशय असा की पापी मनुष्य आपल्या पापाची खरी जाणीव आणि ख्रिस्तातील देवाच्या दयेची ओळख या दोहोंमुळे पापापासून देवाकडे वळतो, आणि नव्या आज्ञापालनाचा पुरता निश्चय व प्रयत्न त्या वळण्यातच येतो. तेथे पश्चात्तापालाच कृपा म्हटले आहे. संदेशात कृपा आणि पश्चात्ताप यांना एकमेकांसमोर उभे केले आहे, पण आपल्या वाडवडिलांच्या धर्मशिक्षणात दुसरी गोष्ट पहिलीचेच दान होती.

आता व्यवहाराचा मुद्दा. माझ्या मते या संदेशाने सर्वाधिक नुकसान होते ते येथे, म्हणून येथे थोडे थांबावे लागेल. पश्चात्ताप मनातच राहतो असे म्हणणाऱ्याने लेवीय पुस्तकाचा सहावा अध्याय वाचावा. शेजाऱ्याची ठेव नाकारली, त्याला लुबाडले, सापडलेली वस्तू दडवून खोटी शपथ घेतली, तर अर्पण घेऊन याजकाकडे जाण्याबरोबरच ती वस्तू पुरी परत करायची आणि वर पाचवा हिस्सा घालायचा, असा तिथे नियम आहे. हा जुना करार आहे म्हणून तो सुटला, असेही होत नाही. कारण यरीहोचा जकातदार जक्कय प्रभूसमोर उभा राहतो तेव्हा कोणी न सांगता अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याचे अन्यायाने घेतले त्याला चौपट परत देण्याचे कबूल करतो. आज या घराला तारण प्राप्त झाले, हे उद्गार त्यानंतरचे आहेत. परतफेडीने त्याने तारण विकत घेतले नाही, प्रभू त्याच्या घरी आधीच उतरला होता. परंतु तारण घरात शिरले आणि तिजोरीला त्याचा पत्ता लागला नाही, असे मात्र झाले नाही.

मिरज तालुक्यातील एका खेड्यातले एक वयस्कर गृहस्थ एका उपवासकाळात उपासनेनंतर पाळकांकडे आले होते. प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला सातबाराचा उतारा आणि एका जुन्या हक्कसोडपत्राची प्रत होती. वडिलांच्या पश्चात धाकट्या बहिणीची सही त्यांनी माहेर बंद करण्याची धमकी देऊन घेतली होती. आपण देवाजवळ अनेकदा माफी मागितली आहे, तरी प्रभुभोजनाला हात पुढे करताना जड जाते, तर पाळकांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करावी, एवढेच त्यांचे मागणे होते. पाळकांनी विचारले, “बहिणीशी बोललात का?” ते गप्प राहिले. प्रार्थना झाली, पण त्याआधी पाळकांनी त्यांच्याकडून बहिणीला फोन करवला. पुढे दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात तिच्या हिश्शाएवढ्या क्षेत्राचे बक्षीसपत्र नोंदवले गेले, मुद्रांक शुल्क भरले गेले, तलाठ्याकडे फेरफार धरला गेला, आणि घरातल्या मुलांनी काही महिने अबोला धरला. बहीण जमिनीबद्दल काही बोलली नाही. “दादा, आईच्या मातीला मला का येऊ दिलं नाहीस?” एवढेच तिने विचारले, आणि त्याचे उत्तर कोणत्याही कार्यालयात नोंदवता येण्यासारखे नव्हते.

फिरता संदेश त्या गृहस्थांना दहा वर्षे आधी मिळाला असता तर त्यांना फार बरे वाटले असते, याबद्दल मला शंका नाही. ऊस, द्राक्षे आणि हळद यांच्यावर चालणाऱ्या आपल्या जिल्ह्यांत भावाबहिणींची, चुलत्यापुतण्यांची भांडणे बहुतेक बांधावरची आणि उताऱ्यावरची असतात, आणि ख्रिस्ती घरेही त्याला अपवाद नाहीत. व्यवहाराला न शिवणारा पश्चात्ताप शिकवला तर जमीन जिच्याकडून घेतली ती बहीण त्या शिकवणीत कोठेच उरत नाही. नियम मात्र यंत्रासारखा लावू नये. ज्याचे घेतले तो हयात नसेल, परत देण्याजोगे काही उरले नसेल, किंवा कबुली दिल्याने तिसऱ्याच निरपराध माणसाचे घर मोडणार असेल, तर पाळकाच्या किंवा विवेकी वडीलधाऱ्यांच्या सल्ल्याने पाऊल टाकावे.

आनंदाच्या मुद्द्यावर फार लिहिण्याचे कारण नाही. लूकच्या पंधराव्या अध्यायातील उधळ्या पुत्राच्या दाखल्यात मेजवानी धाकटा मुलगा घरी परतल्यावर आहे, दूर देशात नाही. दावीदाने ५१ व्या स्तोत्रात तारणाचा आनंद परत मागितला तो पाप कबूल करतानाच. सतत खंतावत राहणे हा पश्चात्ताप नव्हे, हे मात्र संदेशकर्त्याशी सहमत होऊन सांगतो. करिंथकरांस लिहिताना पौलाने देवाला अनुसरून असलेले दुःख आणि जगाचे दुःख असे दोन प्रकार वेगळे केले आहेत. प्रभूला धरून देणाऱ्या यहूदाने त्यासाठी मिळालेली चांदीची ३० नाणी परत केली, पण तो प्रभूकडे गेला नाही, आणि प्रभूला नाकारलेला पेत्र मोठ्या दुःखाने रडला तरी पुढे किनाऱ्यावर प्रभू दिसताच पाण्यात उडी टाकून त्याच्याकडे गेला.

याच संदर्भात बाहेरून होणारा एक टोमणाही लक्षात घ्यायला हवा: रविवारी माफी मागायची आणि सोमवारपासून पुन्हा तेच करायला मोकळे. हा टोमणा आणि हा संदेश वरवर विरुद्ध दिसतात, पण क्षमेमागे जगणे बदलण्याची अपेक्षाच नसते, असे दोन्ही धरून चालतात. पुन्हा पडणाऱ्याला मात्र दार बंद नाही. भाऊ दिवसातून सात वेळा अपराध करून सात वेळा पश्चात्ताप झाला असे म्हणाला तरी त्याला क्षमा करा, असे सांगणारा प्रभू स्वतः त्याहून कमी क्षमा करील, असे मानण्यास आधार नाही.

राहिला पापांगीकाराच्या वेळी गप्प उभे राहण्याचा सल्ला. प्रभुभोजनाआधी माणसाने स्वतःची परीक्षा करावी आणि मग भाकर खावी, ही पौलाची सूचना करिंथच्या विश्वासणाऱ्यांनाच आहे. शिवाय आपल्या उपासनेतला पापांगीकार ‘आम्ही’ म्हणून केला जातो. माझ्याजवळ आज कबूल करण्यासारखे काही नाही, असे ज्याला प्रामाणिकपणे वाटते त्यालाही तो म्हणता येतो, कारण जुन्या करारातील दानिएल आणि नहेम्या यांनी आपल्या लोकांच्या पापात स्वतःला धरूनच प्रार्थना केली. नहेम्या पहिल्या अध्यायात मी आणि माझ्या बापाच्या घराण्याने पाप केले आहे असे म्हणतो. आणि पाचव्या अध्यायात, सरदारांनी आपल्याच भाऊबंदांची शेते गहाण घेतल्याची ओरड होते तेव्हा, आपणही पैसे आणि धान्य कर्जाऊ दिले आहे हे सभेत उघड सांगून, शेते, द्राक्षमळे, जैतुनाचे मळे आणि घरे आजच्या आज परत करा अशी मागणी तो करतो, आणि सरदार ती मान्य करतात.