चालस ना भाऊ!

जळगावात माशांच्या दुकानात विचारा, "हे दोघं एका टाकीत राहतील का?" उत्तर ठरलेलं: "चालस ना भाऊ!" गोल्डफिशबरोबर टायगर बार्ब? चालस. एंजलबरोबर निऑन टेट्रा? चालस.

अरे, काय चालस! टायगर बार्ब त्या गोल्डफिशच्या शेपटीच्या चिंध्या करतो. एंजल मोठा झाला की निऑन त्याच्या तोंडात मावतो, आणि तोंडात मावेल ते तो गिळतो.

सगळ्यात संताप येतो तो ऑस्कर माशाच्या विक्रीचा. बोटाएवढं पिल्लू, 2 फुटी टाकीसाठी, वर सोबत गप्पी! हा गडी वर्षभरात फूटभर होतो, हे कोण सांगणार? गप्पी म्हणजे त्याचा नाश्ता. "काच साफ करतो" म्हणून गळ्यात मारलेला सकरही फूट-दीड फूट वाढतो. मग हे धूड कुणीतरी तलावात सोडून येणार, ते पाप वेगळंच.

गोल्डफिश थंड पाण्याचा, 20-22 अंशांत खूश. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 ला टेकतो, त्याचे आधीच हाल. हिवाळ्यात त्याला हीटरच्या टाकीत कोंबायचं. आणि बोअरचं जड, म्हणजे क्षारांचं पाणी! गप्पी, मॉली त्यात मजेत, निऑनला मात्र मऊ पाणी लागतं. एवढं विचारलं की गल्ल्यामागून टोमणा येतो, "भाऊ, एवढी चौकशी तर लोक सोयरीक जमवतानाही करत नाहीत."

आणि मासे मेले की? "तुम्हीच जास्त खायला घातलं असेल."