पाच लपवलेले रकाने

आज सकाळी वर्गाच्या पालक-ग्रुपवर सहलीची यादी आली. एक्सेल फाईल. हजेरी क्रमांक, नाव, बस, एवढंच. पण रकान्यांची अक्षरं पाहा: ए, बी आणि त्यानंतर थेट एच! मधले पाच 'हाइड' केलेले. बी ते एच निवडा, राइट क्लिक, 'अनहाइड'. जन्मतारीख, पत्ता, पालकांचा फोन, ॲलर्जी आणि फी बाकी. अख्ख्या वर्गाची.

फाईल काढा म्हटलं तर उत्तर आलं, "बेसिक माहिती तर आहे, त्यात काय एवढं?"

बेसिक? नाव एकटं असतं तोवर बेसिक. त्याच ओळीत जन्मतारीख, फोन आणि बस आली की तुमचं पोर कुठल्या बसमध्ये बसलंय हे सांगून कुणीही घाबऱ्या आईला पैसे पाठवायला लावेल. कितीतरी पोर्टलचा पहिला पासवर्ड जन्मतारीखच असतो. आणि घरातल्याच मारहाणीतून सुटून नव्या पत्त्यावर राहणारं एखादं मूल त्या वर्गात असेल तर? त्याचा पत्ता म्हणजे त्याचा जीव आहे हो!

अमेरिकेत १९७४ पासून विद्यार्थ्यांच्या शाळेतल्या नोंदी खासगी ठेवण्यासाठी फर्पा नावाचा कायदा आहे. त्यातही नाव, पत्ता, फोन, जन्मतारीख, फोटो, अगदी संघातल्या खेळाडूचं वजन-उंची 'डिरेक्टरी माहिती' म्हणून शाळा देऊ शकते. आधी पालकांना कळवायचं, नको म्हणायला मुदत द्यायची. म्हणजे गप्प बसलात की होकार. मला हे साफ उलटं वाटतं. आधी विचारा, मग द्या.

सहलीत शिक्षकांजवळ फोन नंबर आणि ॲलर्जीची नोंद हवीच, मान्य. शिक्षकांजवळ. ग्रुपवर नाही.

यादी करणाऱ्यावर मात्र राग नाही. संध्याकाळी घाईत मूळ फाईलची प्रत काढायची, नको ते रकाने लपवायचे आणि पाठवून द्यायची, हेच त्यांना दाखवलेलं असतं. 'हाइड' म्हणजे पुसणं नव्हे, हे कुणी सांगितलेलंच नसतं. तर सांगते: कोरी शीट उघडा. लागतील तेवढेच रकाने कॉपी करून 'पेस्ट व्हॅल्यूज' करा, नाहीतर सूत्रं मूळ फाईलला जोडलेली राहतात. मग पीडीएफ करून तीच पाठवा. एक्सेलच पाठवायची असेल तर आधी 'इन्स्पेक्ट डॉक्युमेंट' चालवा, लपलेले रकाने आणि शीट तो दाखवतो. गूगल शीटची 'फक्त पाहण्याची' लिंकही पुरत नाही. समोरचा प्रत काढून सगळं उघडतो. आणि पीडीएफवर काळी पट्टी ओढू नका, खालचा मजकूर सिलेक्ट होतो.

दुपारी फाईल डिलीट झाली. पुढे गेलेल्या प्रतींचं काय? ज्या घराची फी बाकी आहे, ते आज ग्रुपवर एक अक्षर बोललेलं नाही. शाळेने त्या घरी आजच फोन करून माफी मागावी. ग्रुपवर नको, फोनवरच.