संत्र्याच्या सालींनी मुठा शुद्ध होत नाही

सोसायट्यांच्या, हास्यक्लबांच्या आणि शाळेतल्या जुन्या वर्गांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. थोडक्यात असा: एक भाग गूळ, तीन भाग फळांच्या साली, दहा भाग पाणी, डब्यात घट्ट बंद करून नव्वद दिवस. झालं बायोएन्झाइम. याचं एक लिटर हजार लिटर घाण पाणी शुद्ध करतं. तयार होताना ओझोन निघतो आणि वर जाऊन ओझोनच्या थराचं भोक बुजवतो. प्रत्येक पुणेकराने रविवारी एक लिटर मुठेत ओतलं तर वर्षात नदीचं पाणी पिता येईल. शिवाय ओला कचरा शून्य, कचरेवाल्या ताईंचे पैसे वाचतील, फिनेल बंद, जखमेवर औषध. खाली हात जोडलेले आणि ‘जास्तीत जास्त ग्रुपवर पाठवा’.

मी नववी-दहावीला विज्ञान शिकवते, त्यामुळे असले फॉरवर्ड मला सवयीचे आहेत. वाचायचे आणि सोडून द्यायचे. पण कर्वेनगरच्या माझ्या आत्याने आणि तिच्या मैत्रिणींनी हा खरा मानून कॅन भरून ठेवलेत, आणि आता सगळ्या मिळून ते घाटावर नेऊन नदीत ओतणार आहेत. वयाच्या सत्तरीत नदीसाठी पहाटे उठणाऱ्या बायकांचा उत्साह असा वाया घालवलेला मला बघवत नाही. म्हणून सोडून देत नाही.

आधी तो ओझोन. गूळ-पाण्यात यीस्ट आणि जिवाणू वाढतात, साखर खातात, त्यातून अल्कोहोल, ॲसेटिक आम्ल आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. झाकण उघडताना फस्स करून निघतो तो हाच वायू. शंका असेल त्याने पानवाल्याकडून खायचा चुना आणावा, पाण्यात कालवून रात्रभर ठेवावा, वरची निवळी एका ग्लासात घ्यावी आणि कॅनमधला वायू नळीने त्यात सोडावा. निवळी दुधाळ होते. आठवीतली मुलंसुद्धा सांगतील की ही कार्बन डायऑक्साइडची खूण. ओझोन करायला विजेचा ठिणगीसारखा विसर्ग किंवा अतिनील किरण लागतात, आणि ओझोन जंतू मारायला वापरतात. म्हणजे डब्यात खरंच ओझोन तयार झाला असता, तर त्याने पहिल्यांदा तुमचं यीस्टच मारलं असतं आणि एन्झाइम तिथेच संपलं असतं. जमिनीलगतचा ओझोन फुप्फुसांना घातक असतो, ते वेगळंच. ओझोनचा थर जमिनीपासून साधारण पंधरा ते पस्तीस किलोमीटर वर आहे. त्याला भोक पाडलं ते फ्रीज आणि स्प्रेमधल्या क्लोरोफ्लुरोकार्बन वायूंनी, आणि ते आटोक्यात येतंय या वायूंना आळा घालणाऱ्या १९८७ च्या मॉन्ट्रियल करारामुळे. संत्र्याच्या सालींचा त्यात काडीचाही हात नाही.

हा मुद्दा नुसताच हास्यास्पद आहे. पुढचा तसा नाही.

नदीत मासे, किडे, शेवाळं जगतात ती पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवर. तो असतो किती? पंचवीस अंश तापमानाच्या स्वच्छ पाण्यात लिटरमागे जेमतेम आठ मिलिग्रॅम. पाण्यात कुजण्याजोगं काही पडलं की जिवाणू ते खायला लागतात आणि खाताना हा प्राणवायू संपवतात. किती संपवतील याच्या मापाला बीओडी म्हणतात. आंघोळीसाठी योग्य पाण्याचा केंद्र सरकारने अधिसूचित केलेला निकष आहे: बीओडी लिटरला ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. नदी घाण आहे असं आपण म्हणतो तेव्हा मुख्यतः हाच आकडा चढलेला असतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषित नद्यांच्या २०१८ च्या यादीत मुळा आणि मुठा दोन्ही सर्वांत वाईट गटात आहेत.

आता आत्याचा कॅन घेऊ. दहा लिटर पाण्याला एक किलो गूळ. त्यात साखर धरू सुमारे आठशे ग्रॅम. एक ग्रॅम साखर पूर्ण कुजायला १.१२ ग्रॅम प्राणवायू लागतो, म्हणजे आठशे ग्रॅमला नऊशे ग्रॅम. साखरेचं अल्कोहोल किंवा आम्ल झालं म्हणून ही गरज नाहीशी होत नाही, कारण मेसेजच सांगतो की झाकण घट्ट लावा. प्राणवायू आत गेलाच नाही तर भागणार कशाने? तरीही उदारपणे निम्मी गरज आतच संपली असं मानू, सालींचा हिशेब तर सोडूनच देऊ. उरते दहा लिटरला साडेचारशे ग्रॅम. एका लिटरला ४५ ग्रॅम.

मेसेजच्याच प्रमाणाने हे एक लिटर हजार लिटरमध्ये ओता. प्रत्येक लिटरमागे ४५ मिलिग्रॅम प्राणवायूची मागणी नव्याने वाढली. निकष ३ चा! पाणी आधी अगदी स्वच्छ असलं, तरी ते निकषाच्या पंधरा पट घाण झालं. उलट बाजूने मांडायचं तर ते एक लिटर साडेपाच हजार लिटर चांगल्या पाण्यातला सगळा प्राणवायू फस्त करू शकतं. नदीत काकवी ओतली तर नदी शुद्ध होईल असं कुणी म्हटलं असतं तर आत्या हसली असती. तीच काकवी आंबवून, वर ‘बायो’ हा शब्द लावून आली आणि सगळ्या कॅन उचलून निघाल्या.

‘पण ओतल्यावर वास कमी झाला, आम्ही स्वतः पाहिलं.’ हो, होत असेल. द्रावण आंबट असतं, आम्लामुळे अमोनिया पाण्यात धरला जातो आणि नाकाला लागत नाही. वर संत्र्याचा वास. नाकाला फरक पडला म्हणजे माशाला पडला असं होत नाही.

आणि एन्झाइम्स, म्हणजे पदार्थांचे तुकडे करायला मदत करणारी प्रथिनं? असतात थोडी त्यात, नाही म्हणत नाही. पण इतक्या आंबट द्रावणात त्यातल्या बहुतेकांचं काम मंदावतं, आणि हजारपट पातळ केल्यावर जे उरतं ते नाल्याच्या तोंडाशी काय दिवे लावणार?

आवाक्याचं तर बोलूच नका. जपानी कर्जातून पुण्यात मैलापाण्याची जी अकरा नवी शुद्धीकरण केंद्रं ठरली, त्यांची क्षमता दिवसाला ३९ कोटी ६० लाख लिटर. एवढंच पाणी मेसेजच्या प्रमाणाने ‘शुद्ध’ करायचं तर रोज जवळपास चार लाख लिटर बायोएन्झाइम लागेल, त्याला रोज चाळीस टन गूळ आणि एकशेवीस टन साली. गूळ ५० रुपये किलो धरला तर दिवसाला वीस लाख रुपयांचा गूळ मार्केट यार्डातून उचलून थेट नदीत. पावसाळा सोडला तर खडकवासला धरणाच्या खाली मुठेत वाहतं ते बहुतांशी आपल्याच घरांतलं सांडपाणी. ते पुढे भीमेतून उजनी धरणात जातं. त्याला केंद्रं लागतात, ती चालू ठेवायला वीज लागते आणि नाल्यांतून थेट नदीत येणारं पाणी अडवून तिथवर न्यावं लागतं. काम कंटाळवाणं आहे, त्याचा फॉरवर्ड होत नाही.

आत्याचा एक सवाल मात्र मला आवडला. ‘मग गणपतीच्या वेळी मूर्ती घरीच विरघळवायला ते अमोनियम बायकार्बोनेट बादलीत घालायला सांगतात ते कसं चालतं?’ तो उपाय राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतून, आपल्या पाषाण रस्त्यावरून आला. प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे कॅल्शियम सल्फेट. त्याची या पावडरीशी अभिक्रिया होऊन कॅल्शियम कार्बोनेट आणि अमोनियम सल्फेट बनतं. समीकरण फळ्यावर लिहिता येतं, आणि सगळं बादलीत होतं, नदीत नाही. बायोएन्झाइमवाल्यांनी असं एक समीकरण दाखवावं, मी वर्गात शिकवीन.

आता जे थोडंफार खरं आहे ते. फरशी पुसायला, सिंकवरचे पाण्याचे पांढरे डाग घालवायला हे द्रावण चालतं. सौम्य आम्ल आहे, व्हिनेगरसारखं काम करतं, फिनेलपेक्षा वासाला बरं. एवढं मान्य. पण जुन्या वाड्यांत आणि चाळींत शहाबादी फरशी आहे, काही फ्लॅटांत कोटा किंवा संगमरवर. हे सगळे चुनखडीच्या जातीचे दगड. आम्लाने त्यांची चकाकी जाते आणि पुन्हा पॉलिश केल्याशिवाय परत येत नाही. जखमेवर लावणं हा निव्वळ मूर्खपणा आहे, त्यावर जास्त बोलत नाही. आणि ‘घट्ट बंद’ हे तर धोकादायक. शेजारच्या इमारतीत एकीच्या सिंकखालची बाटली मी पाहिली आहे: तळ फुगून गोल झालेला, बाटली उभीच राहीना, झाकणाच्या कडेने फेस. काचेची बरणी असती तर तुकडे वेचत बसावं लागलं असतं.

राहिला कचरा. तीन किलो सालींना एक किलो गूळ लागतो, म्हणजे ५० रुपये. पोळीचे तुकडे, उरलेली आमटी, हाडं, चहाचा चोथा यांचं काय? ते त्यात घालतच नाहीत. नव्वद दिवसांनी गाळल्यावर सालींचा लगदा उरतोच, म्हणजे ओला कचरा ‘शून्य’ झालाच नाही, फक्त तीन महिने उशिरा बादलीत आला. त्यात ताईंचे पैसे वाचवण्याची भाषा ऐकली की माझं डोकं फिरतं. कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना १९९३ सालची. तिच्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था उभी राहिली. आपल्या दारात येऊन ओला-सुका घेणाऱ्या, सुक्यातून कागद, बाटल्या, पत्रा निवडून परत वापरात पाठवणाऱ्या बाईला आपण महिन्याला देतो ते तिच्या कामापुढे काहीच नाही. सुका कचरा आणि सॅनिटरी पॅड तर कुठल्याच एन्झाइमात विरघळत नाहीत. ते वेगळे करून, पॅड नीट गुंडाळून देणं, हे काम २०१६ च्या घनकचरा नियमांनीच प्रत्येक घरावर टाकलं होतं. पाच हजार चौरस मीटरवरच्या सोसायट्यांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायचा, हेही त्याच नियमांत होतं. आत्याच्या सोसायटीत गांडूळखताचा खड्डा आहे, मिळकतकरात सवलत मिळते म्हणून बांधलेला. सध्या त्यात मोडक्या कुंड्या आणि जुनी सायकल आहे.

तर आत्या, कॅनचं काय करायचं ते सांगते. घाटावर नेऊ नका. गाळून घ्या, पातळ करून बाथरूमच्या टाइल्सना आणि कमोडला वापरा. तिथून गेलेलं मैलापाण्याच्या नळातून निदान शुद्धीकरण केंद्राकडे जायची शक्यता असते, घाटावरून ओतलेलं थेट नदीतच. त्याच दिवशी त्याच जागी ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचवालं क्लीनर अजिबात वापरायचं नाही, कारण आम्ल आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन सुटतो आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. कामवाल्या मावशींनाही हे सांगून ठेव. झाकणं रोज सैल करत जा. गाळून उरलेला चोथा त्या खड्ड्यात, भरपूर वाळक्या पानांबरोबर. सायकल आधी काढून घ्या. रविवारी सगळ्या जमणारच आहात, तर ते काम करा, मी येते फावडं घेऊन.