चित्राच्या डोळ्यात ड्रिल मारलंय राव

आज सकाळी कोपऱ्यावरून वळलो आणि डोक्यात तिडीकच गेली. चार मजली भिंतीवर ती रंगवलेली म्हातारी होती ना, मांडीवर कबुतर घेऊन बसलेली, तिच्यावर नव्या फ्लॅट्सचा फ्लेक्स ठोकलाय!! आणि ठोकलाय म्हणजे खरंच ठोकलाय, लोखंडी फ्रेमसाठी ड्रिल मारून बोल्ट घातलेत, त्यातला एक बरोबर तिच्या डाव्या डोळ्यात. खालून कबुतराचा एक पंख आणि तिची चार बोटं तेवढी दिसतायत.

अरे ती भिंत आधी काय होती? खाली कचरा आणि मुताचा वास, कोणी ढुंकून बघत नव्हतं. पोरापोरींनी परांची बांधली, प्राइमर मारला, भर उन्हात लटकून ते चित्र काढलं, मग लोक थांबून फोटो काढायला लागले, मग कॅफे आले, भाडी वाढली, जुने भाडेकरू गेले आणि आता मालकाला साक्षात्कार झाला की आपल्या भिंतीला भाव आहे. भाव कोणामुळे आला?? आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते हेच.

पुढच्या गल्लीत तर याहून भयंकर. तिथे एका कंपनीने पेंटर लावून म्युरलसारखीच, म्हणजे अशा भिंतीवरच्या चित्रासारखीच, जाहिरात रंगवून घेतलीय, तसेच चेहरे, तशीच फुलं, फक्त हातात त्यांची बाटली. येणारेजाणारे कौतुकाने बघतात. त्यापेक्षा फ्लेक्स परवडला, तो निदान सरळ सांगतो मी विकायला आलोय म्हणून.

आणि "मालकाची भिंत आहे, तो काहीही करेल" हे मला कोणी ऐकवू नका. न्यूयॉर्कला क्वीन्समध्ये फाइव्ह पॉइंट्झ म्हणून अख्खी इमारत चित्रांनी भरलेली होती, २०१३ ला मालकाने एका रात्रीत तिला पांढरा रंग फासला. चित्रकार कोर्टात गेले, १९९० च्या कायद्याने चित्रकाराचाही हक्क असतो तिथे, आणि २०१८ ला २१ जणांना मिळून साडेसदुसष्ट लाख डॉलर द्यायचा निकाल लागला. ब्राझीलच्या साओ पावलो शहराने तर २००७ पासून होर्डिंगंच उतरवायला लावली. म्हणजे करायचं म्हटलं तर होतं, आपल्याकडे करायचंच नसतं कोणाला.

फ्लेक्स काय, महिन्याने फाडतील आणि दुसरा लावतील. म्हातारी परत येणार आहे का? भोकं पडलेल्या भिंतीवर कोण काढणार परत?

दुपारी न राहवून ते चित्र काढणाऱ्यांपैकी एकाला फोटो पाठवला. त्याला कोणी कळवलंच नव्हतं. बराच वेळ टायपिंग दिसत होतं, मग फक्त एवढंच आलं, "डोळ्यांना मला तीन दिवस लागले होते."