कर्ज डॉलरचं, हिशेब वाळूजचा

संभाजीनगरजवळ वाळूजच्या एमआयडीसीत तुमचा शेड आहे, तीन सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी मशीनं आहेत, दोन मुलं गावाकडून येऊन कामाला लागली आहेत आणि आयुष्यात पहिल्यांदा परदेशाची ऑर्डर आली आहे. माल इटलीला, बिल डॉलरमध्ये. अभिनंदन. आता एक दिवसही वाया न घालवता डॉलरमध्ये कर्ज उचला. विचार करत बसू नका. विचार केला तर हातून कर्ज होणार नाही, आणि कर्ज झालं नाही तर गेटवरच्या टपरीवर सांगणार काय?

बँकेत शिरताना चेहरा निर्यातदाराचा ठेवा. मॅनेजर आधी चहा मागवेल. रुपयातली लिमिट वाढवायला गेलात तेव्हा चहा आला होता का, आठवून बघा. मग तो कॅल्क्युलेटर तुमच्याकडे फिरवेल. धरा, रुपयातलं पॅकिंग क्रेडिट, म्हणजे माल निघायच्या आधी ऑर्डरवर मिळणारं कर्ज, दहा टक्क्यांना आणि डॉलरमधलं साडेसहाला. एक लाख डॉलर, भाव ८४, सहा महिने. व्याजात सरळ दीड लाखाच्या आसपास वाचतात. हा आकडा डोळ्यात भरून घ्या आणि घरी जा. पुढचं काही विचारू नका, कारण पुढचं त्यालाही कोणी विचारत नाही आणि त्याला सांगायची घाईही नसते.

पुढचं असं, की ते एक लाख डॉलर तुमच्या खात्यात डॉलर म्हणून कधीच बसत नाहीत. ज्या दिवशी उचलले त्याच दिवशी त्या दिवसाच्या भावाने त्यांचे रुपये होतात. त्या रुपयांतून तुम्ही फाउंड्रीचं, म्हणजे ओतकामवाल्याचं बिल देता, मजुरी देता, विजेचं बिल भरता. सहा महिन्यांनी इटलीहून डॉलर आले की ते बँकेच्या तोंडात जातात. म्हणजे माल निघायच्या आधीच तुम्ही तुमचे डॉलर ८४ ने विकून मोकळे झालात. पण हे लक्षात ठेवायचं नाही. पुढे डॉलर ८८ झाला की टपरीवर पेढे वाटायचे. निर्यातदार म्हटल्यावर रुपया पडला की त्याला आनंद झालाच पाहिजे, अशी रीत आहे.

हिशेबच करायचा असेल तर रात्री, कोणी बघत नसताना करा. रुपयातलं कर्ज घेतलं असतं तर इटलीच्या डॉलरचे ८८ लाख आले असते, व्याजाचे ४ लाख २० हजार गेले असते, हातात ८३ लाख ८० हजार. डॉलरचं घेतलं म्हणून सुरुवातीला ८४ लाख मिळाले, आणि सव्वातीन हजार डॉलरचं व्याज ८८ च्या भावाने २ लाख ८६ हजार. हातात ८१ लाख १४ हजार. पेढ्यांचे पैसे यात धरलेले नाहीत. डॉलर ८४ लाच थांबला असता तर मात्र तुम्हीच दीड लाखाने वर असता, आणि मॅनेजरचा चहा गोड लागला असता. तेव्हा डॉलर थांबणार की पळणार, हे टपरीवाल्याला आधी विचारून ठेवा. आमच्याकडचा टपरीवाला पावसाचाही अंदाज सांगतो.

दर कुठून येतो, यात तर अजिबात पडू नका. पूर्वी लायबोर होता. लंडनच्या बँका एकमेकींना कर्ज कितीला पडेल ते स्वतःच सांगायच्या, आणि त्यांनी त्यात घोळ केल्याचं २०१२ मध्ये जगभर गाजलं. डॉलरचा लायबोर ३० जून २०२३ ला मिटवला. आता सोफर आहे, तो न्यूयॉर्कची फेडरल रिझर्व्ह बँक रोज जाहीर करते. २०२१ मध्ये तो शून्याला चिकटला होता, तेव्हा डॉलरचं कर्ज खरंच स्वस्त पडायचं. २०२३ मध्ये तोच पाच टक्क्यांच्या वर गेला. त्यावर बँकेचं मार्जिन, वर प्रोसेसिंग फी. तरी तुम्ही 'डॉलरचं व्याज कमी असतं' हे वाक्य सोडू नका. आमच्या आजोबांचा सावकार महिन्याला शेकडा दोन घ्यायचा, पण तो दर निदान गावातल्या माणसाने ठरवलेला असायचा आणि त्याच्या दारात जाऊन शिव्या तरी देता यायच्या. न्यूयॉर्कला जाऊन काय करणार?

सरकारी सवलतीचाही लोभ नको. १ एप्रिल २०१५ पासून ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत सरकार निर्यातीच्या कर्जाच्या व्याजाचा काही भाग स्वतः सोसत होतं, पण फक्त रुपयातल्या कर्जावर. डॉलरवाल्यांना ती सूट नव्हती. शेजारच्या प्लॉटवाल्याने ती नऊ-दहा वर्षं खाल्ली. आपण डॉलरवाले. आपण असल्या गोष्टीकडे बघत नाही.

आता पुढचा टप्पा. माल वाळूजहून निघाला, न्हावाशेव्याला जहाजावर चढला, कागद बँकेत गेले, की बँक ते बिल वटवते आणि त्यातून तुमचं पहिलं कर्ज फेडते. पहिलं कर्ज फिटलं म्हणून बायकोला जरूर सांगा. दुसरं त्याच दिवशी सुरू झालं, हे सांगायची गरज नाही. नाव बदललं, चलन तेच, व्याज चालूच. २०२३ च्या शेवटापासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि युरोपची जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. दहा-पंधरा दिवस जास्त. तेवढे दिवस तुमचं कास्टिंग केप ऑफ गुड होपचं दर्शन घेत होतं आणि इकडे वाळूजला मीटर पळत होता, रिक्षा सिग्नलला उभी असताना पळतो तसा.

ऑर्डर रद्द होईल का, हा प्रश्न अपशकुनी आहे. तरी माझं उदाहरण घ्या, फुकट आहे.

२०१३ चा मे महिना. डॉलर ५५ च्या आसपास. मी पन्नास हजार डॉलर उचलले, साडेसत्तावीस लाख. पंपाच्या हाउसिंगची, म्हणजे बाहेरच्या कवचाची ऑर्डर होती. फाउंड्रीतून आलेल्या पहिल्या लॉटमध्ये ब्लो होल, म्हणजे ओतताना हवेने पडलेली भोकं निघाली. आमच्या शेडमधल्या मुलाने ते पुट्टी लावून, वर रंग मारून इतके सुरेख बुजवले की मलाच दिसले नाहीत. परदेशातल्या इन्स्पेक्टरला दिसले. त्याने फोटो पाठवला, पेनाच्या टोकाने पुट्टी उकरून त्याच भोकात पेन उभा करून. ऑर्डर गेली. तोवर ऑगस्ट आला होता. २८ तारखेला डॉलर ६८ च्याही वर जाऊन आला, आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला बँकेचं पत्र आलं. निर्यात झाली नाही, म्हणून कर्ज रुपयांत फिरवलं. भाव ६७. साडेसत्तावीस लाख घेतले होते, साडेतेहतीस लाख देणं झालं. आणि व्याज? ते पहिल्या दिवसापासून रुपयाच्या दराने, तेही निर्यातवाल्या सवलतीशिवाय. मॅनेजरकडे गेलो. या वेळी चहा आला नाही. "साहेब, हे तुम्ही आधी सांगितलं नाही," मी म्हटलं. त्याने सँक्शन लेटर, म्हणजे कर्जमंजुरीचं पत्र काढलं, दुसऱ्या पानाच्या तळाशी बोट ठेवलं. तिथे होतं. खाली माझी सही पण होती, तीही मोठ्या झोकात केलेली.

या अनुभवावरून तुम्हाला पक्का सल्ला: सँक्शन लेटरचं फक्त पहिलं पान वाचा. रक्कम तिथेच असते.

इथवर पोचलात तर मोठी उडी मारा. मशीनवरचं रुपयातलं जुनं टर्म लोन आहे ना, तेही डॉलरमध्ये फिरवून घ्या. तुमचा पंचाहत्तर टक्के माल इथल्याच दुचाकीवाल्या कंपन्यांना जातो, पैसे रुपयात आणि तेही नव्वद दिवसांनी, तरी फिरवा. बिल युरोत असलं तरी डॉलरमध्येच फिरवा. दोन चलनं एकमेकांशी भांडतील, आपण मध्ये बसून बघायचं. फॉरवर्ड कव्हर घ्यायला, म्हणजे पुढच्या तारखेचा डॉलरचा भाव आजच बांधून घ्यायला कोणी सांगितलं तर हसा. त्याचा खर्च धरला की डॉलरचं आणि रुपयाचं व्याज जवळपास सारखंच पडतं, आणि मग एवढा खटाटोप कशाला केला, असा भलता प्रश्न उभा राहतो. २०१४ पासून बँक सीएकडून एक सर्टिफिकेट मागते, किती परकीय कर्ज असं कव्हरशिवाय उघडं आहे त्याचं. सीएला सांगा, भरून टाक. तो भरतो. मार्चमध्ये त्याला वाचायला वेळ नसतो आणि एरवी इच्छा नसते.

आणि उरलेल्या पैशाचं काय, असं विचारणारे भेटतील. उरत नाहीत, पण उरल्यासारखे वाटतात. मालासाठी उचललेले डॉलर पैठण रोडच्या प्लॉटमध्ये गुंतवणारे मी पाहिले आहेत. प्लॉट जहाजावर चढत नाही, एवढीच अडचण.

मागच्या डिसेंबरात, २०२५ ला, डॉलर पहिल्यांदा नव्वदच्या पुढे गेला त्या दिवशी शेजारच्या शेडमधला पोरगा पळत आला. हातात पेढ्यांचा पाव किलोचा बॉक्स.

"काका, नव्वद!"

"तुझे किती यायचेत?"

"ऐंशी हजार डॉलर. जानेवारीत."

"आणि उचललेत किती?"

त्याने बॉक्स उघडला, एक पेढा मला दिला, एक स्वतः घेतला. मग मनाशी काहीतरी पुटपुटत बोटं मोजायला लागला.

"ऐंशीच हजार. ऑगस्टमध्ये."

मी दुसरा पेढा उचलला. चांगले होते, ताजे.