सबवूफर संगीत बिघडवतो? मुळीच नाही

‘गाणं खरोखर ऐकणाऱ्याने सबवूफरच्या नादी लागू नये. ती सिनेमाच्या स्फोटांसाठी काढलेली वस्तू आहे. आपल्या संगीतात तेवढा खालचा आवाज असतच नाही. सबचा बास संथ असतो, तो तालाच्या मागे पडतो. आणि फ्लॅटमधल्या छोट्या हॉलमध्ये तर नुसतं घुमतं. एकाने घुमतं, मग दोन कशाला?’ सबवूफर, म्हणजेच सब, ही फक्त खालचे स्वर वाजवणारी वेगळी स्पीकरपेटी. तिच्याबद्दलचा हा सल्ला अनेक वर्षं या हातातून त्या हातात फिरतो आहे. नवीन स्टिरिओ घेणाऱ्याला तो हमखास ऐकवला जातो आणि घेणारा बिचकतो. माझा या सल्ल्याला विरोध आहे. त्यातलं एक वाक्य अर्धं खरं आहे. तिथेच जास्त थांबणार आहे.

आधी सिनेमाचं. ‘अर्थक्वेक’ या चित्रपटासाठी अमेरिकेतल्या थिएटरांत सेन्सराउंड या ध्वनिप्रणालीचे अजस्र वूफर (खालच्या आवाजाचे स्पीकर) लागले ते १९७४ साली. त्याच्या एक वर्ष आधी, १९७३ मध्ये, स्टीली डॅन या बँडच्या वॉल्टर बेकरने आपल्या अल्बमच्या मिक्सिंगसाठी मिलर अँड क्रायसेल यांच्याकडून स्टुडिओत वापरायचा सबवूफर बनवून घेतला होता. त्याहीआधी इन्फिनिटी कंपनीच्या सर्व्हो-स्टॅटिक या स्पीकर यंत्रणेत वरच्या स्वरांच्या इलेक्ट्रोस्टॅटिक पॅनेलांच्या जोडीला १८ इंची वूफर वेगळ्या पेटीत दिलेला होता, आणि ती यंत्रणा निव्वळ संगीतासाठी होती. स्फोटांशी सबचं नातं नंतर जुळलं.

आता ‘आपल्या संगीतात खालचं काही नसतं’. काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाचा मध्य षड्ज साधारण १३९ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १३९ कंपनांचा. तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या एक सप्तक खाली, म्हणजे ६९ हर्ट्झवर. कोणी म्हणेल, खर्ज तर मोबाइलवरही ऐकू येतो. येतो, कारण जवारीमुळे (घोडीवर तार घासून येणाऱ्या झणकारामुळे) त्या तारेचे वरचे स्वरांश ठळक होतात आणि त्यांवरून कान मूळ स्वर ओळखतो. पण ओळखणं वेगळं आणि ऐकणं वेगळं. डग्ग्याचं तर बोलायलाच नको. त्याचा घुमारा ढोबळमानाने १०० हर्ट्झच्या आसपास, उतरवलेला असेल तर आणखी खाली. आणि कणीक लावलेला पखवाजाचा धामा (डावं तोंड) त्याच्याही खाली जातो. मनगट दाबून डग्ग्यावर काढलेली मींड लहान स्पीकरवर कळते, पण तिचं वजन जाणवत नाही. चित्रपटसंगीतात आणि फ्यूजनमध्ये बास गिटार आली की तिची सर्वात खालची तार ४१ हर्ट्झची असते. पाच इंची वूफरचे बहुतेक बुकशेल्फ स्पीकर ५५-६० हर्ट्झच्या आसपासच हात टेकतात.

शिवाय प्रश्न फक्त ‘कुठपर्यंत वाजतो’ एवढाच नाही. तेवढाच आवाज एक सप्तक खाली काढायचा तर स्पीकरच्या पडद्याला चौपट मागेपुढे व्हावं लागतं. तोच पाच इंची पडदा डग्गाही ओढतो आणि गायकाचा आवाजही सांभाळतो. ८० हर्ट्झखालचं काम त्याच्याकडून काढून सबकडे दिलं की गळ्याचा आवाज मोकळा होतो. सब लावल्यावर बासपेक्षा आधी मला फरक जाणवला तो आलापात. मात्र त्यासाठी मुख्य स्पीकरना खालचा भाग जाणार नाही अशी सोय हवी. अँप्लिफायरमध्ये ती नसेल तर सब नुसता खालून भर घालतो, ओझं हलकं करत नाही.

एक मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवं. बालगंधर्वांच्या ७८ आरपीएमच्या तबकड्यांचं ध्वनिमुद्रण तुम्ही मुख्यतः ऐकत असाल, तर सबवर पैसे घालू नका. त्या मुद्रणांत तेवढं खाली काही उतरलेलंच नाही. सबमधून फक्त तबकडी फिरण्याची घरघर येईल.

‘संथ बास’ हा आरोप सर्वात लोकप्रिय आणि सर्वात चुकीचा. ५० हर्ट्झ वाजवणारा पडदा सेकंदाला ५० वेळा मागेपुढे जातोच. मोठा आहे म्हणून ४५ वेळा जात नाही. ‘धा’चा ठोका कानाला टोचतो तो वरच्या कंपनांमुळे, आणि ती सबकडे जातच नाहीत, मुख्य स्पीकरमधूनच येतात. मग मागे पडल्यासारखं का वाटतं? बहुधा क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचं काम सबकडे जातं तो आकडा, १२०-१५० हर्ट्झवर ठेवलेला असतो, सबची पातळी चढवलेली असते आणि फेजच्या (सबचा पडदा स्पीकरच्या पडद्यांबरोबर हलतो की उलट, हे ठरवणाऱ्या) बटनाला कोणी हात लावलेला नसतो. ८० हर्ट्झचा अखंड स्वर सब आणि स्पीकर दोन्हींतून लावा, नेहमीच्या जागी बसा आणि दुसऱ्या कोणाला फेज ० आणि १८० असा फिरवायला सांगा. ज्या स्थितीत आवाज भरदार होतो ती ठेवा. पाच मिनिटांचं काम आहे, पण ते न करता वर्षानुवर्षं सबला दोष देणारे मी पाहिले आहेत.

यानंतरही आवाज रेंगाळत असेल तर रेंगाळते ती खोली. इथेच त्या सल्ल्यातलं अर्धं सत्य आहे: छोट्या हॉलमध्ये घुमतं. आपल्याकडचा १० बाय १४ फुटांचा हॉल घ्या, छत साडेनऊ फुटांवर. समोरासमोरच्या भिंतींमध्ये जी ध्वनिलहर बरोबर अर्धी मावते ती तिथे उभी राहते, म्हणजे तो स्वर घुमत राहतो. १४ फुटांसाठी ती येते ४० हर्ट्झला, १० फुटांसाठी ५६ला आणि साडेनऊ फुटांसाठी ५९ला. शेवटचे दोन आकडे पाहा. रुंदी आणि उंची जवळपास सारखी असल्याने दोन्ही घुमणी एकावर एक बसतात, आणि बासच्या ओळीतले ५५ ते ६० मधले स्वर अंगावर येतात, बाकीचे गायब होतात. त्यात सोफा मागच्या भिंतीला टेकलेला आणि सब कोपऱ्यात, म्हणजे घुमायला लागणारं सगळं आपणच पुरवलं.

माझ्या घरी पहिला सब बसवायला आलेल्या माणसाने तो थेट कोपऱ्यात सरकवला होता, ‘तिथे जास्त वाजतो’ म्हणून. जास्त वाजला खरा. दोन महिने मीही हेच म्हणत होतो की सब आपल्यासाठी नाही.

दुसरा सब लागतो तो यासाठी, आवाज दुप्पट करायला नाही. झोपाळ्याला एकाच बाजूने झोका देत राहिलं तर तो चढत जातो. दोघांनी दोन बाजूंनी एकाच वेळी सारख्याच जोराने आत ढकललं तर तो जागचा हलत नाही. समोरच्या भिंतीच्या मधोमध एक आणि मागच्या भिंतीच्या मधोमध एक असे दोन सब एकाच फेजमध्ये वाजवले की १४ फुटांची ती ४० हर्ट्झची लहर अशीच अडवली जाते. दोघेही रुंदीच्या बरोबर मध्यावर असल्याने ५६ची लहरही फारशी चाळवत नाही. उंचीची ५९ उरते, कारण दोन्ही पेट्या जमिनीवरच आहेत. ती इक्वलायझरने (निवडक स्वरांची पातळी कमी-जास्त करणाऱ्या सोयीने) खाली ओढावी लागते. हे माझं घरगुती तत्त्वज्ञान नाही. ध्वनियंत्रणा बनवणाऱ्या हर्मन कंपनीचे टॉड वेल्टी यांनी २००२ साली आयताकृती खोल्यांसाठी हेच तपासलं होतं. चार भिंतींच्या मध्यांवर चार सब सर्वांत चांगले, समोरासमोर दोन त्यांच्या जवळ जाणारे, आणि चारच्या पुढे फारसा फायदा नाही, असं त्यांना आढळलं.

दोन सबना जागा किंवा पैसे नसतील तर एकच घ्या, पण त्याची जागा शोधून काढा. सब तुमच्या बसायच्या जागी ठेवा, बासची चढती-उतरती ओळ असलेलं गाणं लावा आणि भिंतीकडेने ओणवं होऊन फिरा. जिथे सगळे स्वर सारखे ऐकू येतील तिथे सब ठेवा. नंतर हवं तर मोजमापाचा माइक आणि रूम ईक्यू विझार्ड हे मोफत सॉफ्टवेअर वापरून आलेख काढा.

त्या सल्ल्यात नसलेला एक मुद्दा राहिला, शेजाऱ्यांना होणाऱ्या त्रासाचा. स्लॅब आणि भिंती खालचा आवाज फारसा अडवत नाहीत, आणि सबखाली रबराचे पाय लावून हवेतून जाणारा आवाज थांबत नाही. याबाबतीत तक्रार रास्त आहे. पण खालच्या मजल्यावर बहुतेक वेळा पोचतो तो ५५-६०चा एकसुरी घुमार, आणि तो कमी झाला की निम्मी कटकट जाते. बेल लॅब्जच्या फ्लेचर आणि मनसन यांनी १९३३ सालीच दाखवलं होतं की आवाज हळू केला की कानाला सर्वात आधी खालचे स्वर कमी पडतात. म्हणूनच नुसत्या दोन लहान स्पीकरवर ऐकणारा माणूस डग्गा यावा म्हणून व्हॉल्यूम चढवत राहतो. नीट जुळवलेला सब असेल तर रात्री साडेनऊला, शेजारच्या खोलीत मूल झोपलेलं असतानाही, हळू आवाजात विलंबित ख्याल भरलेला वाटतो. दहानंतर मात्र मी सबचा स्विच बंद करतो आणि हेडफोन लावतो.