आहे तसं बसतंय

जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या व्यवहारात मला सर्वांत महाग पडलेले वाक्य म्हणजे "आहे तसं बसतंय". हे वाक्य उच्चारणारा मनुष्य पाना हातात धरत नाही, आणि पाना हातात धरणारा मिस्त्री ते कधीच उच्चारत नाही. तो कपाळावरचा घाम कोपराने पुसत "बघूया" एवढेच म्हणतो.

माझ्याकडे राजदूत जीटीएस ही मोटारसायकल आहे. १९७३ साली 'बॉबी' चित्रपटात झळकल्यापासून तिला कारखान्याने दिलेल्या नावाने कोणी हाक मारली नाही. तिची बॉबी झाली ती कायमची. गाडी बसकी आणि छोट्या चाकांची असल्यामुळे माझ्यासारखा उंच मनुष्य तिच्यावर बसला की गुडघे हँडलच्या मुठींशी गुजगोष्टी करू लागतात. मी ती घेतली तेव्हा तिच्यात इंजिन नव्हते. आधीचे मालक "विकली तेव्हा इंजिन होतंच की" असे आजही छातीठोकपणे सांगतात, पण हे 'तेव्हा' नेमके कधीचे, यावर त्यांच्याच घरात एकमत नाही.

इंजिन सापडले कोल्हापूरबाहेरच्या एका भंगाराच्या दुकानात, पाण्याच्या मोटारीचे एक कवच आणि दोन विळ्या यांच्यामध्ये, किलोच्या भावाने. ते होते साध्या राजदूतचे. एस्कॉर्ट्स कंपनीने पोलंडच्या एसएचएल एम-११ या मोटारसायकलवरून बेतलेली ही गाडी. १७३ सीसी, टू-स्ट्रोक, तीन गिअर. पोलंडमध्ये ज्यांनी ती कागदावर रेखाटली, त्यांच्या डोळ्यांसमोर उसाच्या फडातली पाणंद, दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या आणि मागे वैरणीचा भारा असे चित्र नसावे. पण आमच्याकडे तिने हयातभर तेच केले. "बॉबीत अन् ह्यात काय फरक हाय? आहे तसं बसतंय," असे भंगारवाला म्हणाला आणि त्याने ते वजनकाट्यावर ठेवले. आत साचलेल्या चिखलाचेही पैसे मी त्याच भावाने दिले.

पिस्टन जाम होता. प्लगच्या भोकातून डिझेल ओतून इंजिन रात्रभर तसेच ठेवणे आणि सकाळी पिस्टनच्या माथ्यावर लाकडी ठोकळा धरून हलक्या हाताने ठोकणे, हा त्यावरचा सर्वमान्य उपाय आहे. त्यातला 'हलक्या हाताने' हा भाग मिस्त्रींच्या पोराला मान्य नव्हता. शेवटी पिस्टन निघाला, सिलिंडर शिवाजी उद्यमनगरातल्या लेथवर बोअर झाला, म्हणजे आतून कापून थोडा रुंद झाला, ओव्हरसाइज पिस्टन आणि नव्या रिंगा आल्या. क्रँकची, म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणाऱ्या दांड्याची, ऑइल सीलही बदलली, कारण टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचे मिश्रण आधी क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँकच्या बंद पेटीत, जाते आणि तिथले सील गळके असेल तर इंजिन कधी बाहेरची हवा ओढते, कधी गिअरबॉक्समधले तेल पिते. या सीलांची किंमत किरकोळ असते. ती मिळेपर्यंत जो चहा होतो, तो मात्र किरकोळ नसतो.

मग बसवण्याचा दिवस आला. इंजिन तेच, भोकेही तीच. पण माझ्या बॉबीची चौकट पूर्वी केव्हातरी वाकून, सरळ होऊन, वेल्डिंगचे ठिगळ घेऊन आलेली होती, हे तोवर रंगाखाली झाकलेले होते. लग्नाच्या याद्यांत जसे दोन्हीकडची मंडळी राजी झाली की कुठला तरी काका रुसतो, तसे पुढचे बोल्ट जुळले की मागचा रुसायचा. मागच्याची समजूत काढली की चेन तिरकी धावायची. वॉशर घातले, काढले, कानशीने घासले, पुन्हा घातले. सायलेन्सरचा बेंड पाइप चौकटीला घासू लागला, तेव्हा मिस्त्रींनी तो तापवून थोडा वळवला आणि मला पलीकडे बघायला सांगितले.

पहिल्या किकला काही झाले नाही. नंतरच्या एका किकला राजदूतने आपला लौकिक राखला, म्हणजे उलटी किक मारून मिस्त्रींचा पाय वर फेकला. पण पुढच्याच क्षणी इंजिन चालू झाले. गल्लीभर निळसर धूर पसरला, पोरे जमली, मिस्त्री ऐटीत सीटवर बसले, त्यांनी पहिला गिअर टाकला, क्लच सोडला आणि बॉबी मागे गेली. मागे शेजारच्या वहिनींनी वाळत घातलेल्या कुरडया होत्या.

गाडी थांबल्यावर मिस्त्रींनी पुढच्या चाकाकडे पाहिले, मागच्या चाकाकडे पाहिले आणि मला म्हणाले, "रिव्हर्सबी आलं, सर."

यात चमत्कार काहीच नव्हता. या इंजिनाला व्हॉल्व्ह नसतात. पिस्टनच वरखाली होताना सिलिंडरच्या भिंतीतली दारे उघडतो आणि मिटतो, त्यामुळे क्रँक सुलटा फिरतो की उलटा, याच्याशी त्या दारांना कर्तव्य नसते. ठिणगी फार लवकर पडली, तर वर येणारा पिस्टन टोकाला पोचण्याआधीच मागे ढकलला जातो, क्रँक उलटा फिरतो आणि इंजिन त्याच आनंदात चालू राहते. गिअरबॉक्स बिचारा मिळेल ती दिशा चाकापर्यंत पोचवतो. ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या पॉइंटची प्लेट अंदाजाने आवळलेली होती. ती सैल करून, पॉइंटमध्ये एका डॉक्टरांचे व्हिजिटिंग कार्ड सरकवून मिस्त्रींनी फट बघितली, टायमिंग पुन्हा लावले, आणि बॉबी पुढे जाऊ लागली. कुरडयांची भरपाई मी वेगळी केली.

आता उरले कागद. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार परवानगीशिवाय इंजिन बदलले तर १४ दिवसांच्या आत नोंदणी अधिकाऱ्याला कळवावे लागते. मला खरा लोभ होता तो २०२१ च्या नियमांतल्या 'व्हीए' अक्षरांच्या नंबरप्लेटचा, जी पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून मिळते. परंतु त्यासाठी गाडी मूळ स्वरूपात हवी, आणि चौकट, सांगाडा व इंजिन यांत फेरफार झालेला नको, अशी अट आहे. माझ्या बॉबीत या यादीतले काय सुटले होते, ते शोधायला मिस्त्रीही बसले होते. व्हिंटेजचा नाद सोडला आणि निदान साधी नोंद तरी व्हावी म्हणून एजंटाकडे गेलो, तर तो म्हणाला, "इंजिन ज्या गाडीचं, तिचे कागद आणा."

भंगारवाल्याच्या वहीतून माग काढत मी एका वाडीतल्या दूधवाल्यापर्यंत पोचलो. त्याने मला चहा दिला, कपाटातून वडिलांच्या नावाचे आरसी बुक काढले, त्याच्यावरची धूळ झटकली आणि मी भंगारात इंजिनासाठी मोजली होती त्याच्या दुप्पट रक्कम सांगितली. मी हा फरक नम्रपणे त्याच्या लक्षात आणून दिला.

"इंजिन काय, भंगारात कुठंबी घावतंय, सर," तो म्हणाला, "कागद कुठं घावतोय?"